दुकानांच्या टॅलीसाठी रिमोट: पैसे भरून घ्यावं की स्वतःचा सर्व्हर टाकावा?

हिशेबवाली_डिचोली

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची. अकरा दुकानांचे हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर लिहिते. सात डिचोली-साखळीत, तीन वाळपईला आणि एक म्हापशाचा हार्डवेअरवाला, ज्याच्यामुळे माझे निम्मे केस पिकले.

पूर्वी सगळीकडे स्कूटरने जायचे. जीएसटीची विवरणपत्रं भरायची, ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, त्यामुळे महिन्यातले आठ-दहा दिवस मी घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. गेल्या वर्षी जुलैत होंड्याजवळ पाण्यात स्कूटर बंद पडली. पिशवीतली खरेदीची बिलं भिजून त्यांचा लगदा झाला. त्याच रात्री एक फुकट मिळणारं रिमोट सॉफ्टवेअर (घरबसल्या दुसऱ्याचा संगणक चालवता येतो ते) उतरवलं आणि हळूहळू सगळ्या दुकानांत बसवलं. चार महिने स्वर्ग. अंगणात चहा पीत वाळपईच्या टॅलीत नोंदी करत होते.

मग एक दिवस पडद्यावर निरोप आला की तुम्ही हे धंद्यासाठी वापरता असा संशय आहे. त्यानंतर दर पाच मिनिटांनी जोडणी तुटायला लागली. राग आला, पण खरं सांगायचं तर संशय बरोबरच होता. फुकट ते घरगुती वापरापुरतं असं अटींत लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं. कोण वाचतं?

पैसे भरायचं ठरवून चौकशी केली तर वर्षाचा आकडा माझ्या दोन दुकानांच्या वर्षभराच्या फीएवढा निघाला. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, "मावशी, ओपन सोर्स घे, रस्टडेस्क घे, एक रुपया लागत नाही." ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते. त्याआधी याच पठ्ठ्याने वाळपईच्या एका दुकानात विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप चालू करायला बघितला होता, राऊटरवर ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, वगैरे उघडून. ते चाललंच नाही. त्यामुळे त्याच्या 'एक रुपया लागत नाही'वर माझा विश्वास जरा बेताचाच.

आता माझी अडचण नीट सांगते. मी काम करताना दुकानदाराला त्याच पडद्यावर ते दिसायला हवं, कारण निम्मा वेळ मी त्याला विचारत असते की हे बिल कोणत्या पार्टीचं. शिवाय रात्री नऊनंतर दुकान बंद झालं की मला एकटीला आत शिरून बॅकअप घेता आला पाहिजे. बहुतेक ठिकाणी विंडोज होम आहे, दोन ठिकाणी अजून विंडोज सात. तीन दुकानांत इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट.

आणि सगळ्यांत मोठी अडचण माणसांची. साखळीच्या मेडिकलवाल्याच्या मेव्हण्याला बँकेतून बोलतोय असं सांगून कुणीतरी असलंच एक ॲप उतरवायला लावलं आणि खातं साफ केलं. तेव्हापासून मी 'रिमोट' म्हटलं की तो विचारतो, "बाय, तें पयशे व्हरपी ॲप न्हय मगे?" त्याला काय उत्तर देऊ?

ज्यांनी दोन्ही प्रकार प्रत्यक्ष वापरलेत त्यांनी सांगा. यूट्यूबवरचे 'टॉप टेन' बघून झालेत.

---

मडगावचा_प्रिंटरवाला

ताई, पैसे भरा आणि मोकळ्या व्हा. मी पंधरा वर्षं प्रिंटर आणि बिलिंग मशिनं दुरुस्त करतो, सगळं करून बघितलंय. २० तारखेला संध्याकाळी सात वाजता जोडणी गेली तर तुमच्या भाच्याची परीक्षा असणार. विकत घेतलेल्याला निदान फोन करायला नंबर असतो, बिल मिळतं, आणि वर्षाचा खर्च अकरा दुकानांत वाटला तर एकेकाला महिन्याला किती पडतो ते काढून बघा. फीमध्ये घाला, कुणी विचारणार नाही.

फक्त घेण्याआधी परवाना कशावर मोजतात ते विचारा. कुठे एकाच वेळी किती जोडण्या ते मोजतात, कुठे काम करणारी माणसं, कुठे जोडलेली यंत्रं. तुम्ही एकट्या, एका वेळी एकच दुकान उघडणार, पण यंत्रं अकरा. यंत्रांवर मोजणारी योजना गळ्यात पडली तर उगाच भुर्दंड. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, आपल्याकडचं झोहो असिस्ट, सगळ्यांच्या दरांचे तक्ते समोर ठेवा आणि मग बोला. दर वर्षी नूतनीकरणाला आकडा तोच राहील का, हेही लेखी मागा.

---

वाळपईकर

मडगावच्या दादांचं ऐका असं म्हणालो असतो, पण मी उलट्या गोटातला. गेली तीन वर्षं स्वतःच्या सर्व्हरवर रस्टडेस्क चालवतोय, वीसेक यंत्रांसाठी. हातपाय पोळवून घेतलेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या भाच्याचं. वाळपईत ते चाललं नाही हे नशीब समजा. विंडोज होममध्ये रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या यंत्रावर जाता येतं, पण स्वतःत कुणाला घेता येत नाही. त्याला विंडोज प्रो लागतं. हॉटस्पॉटवर तर पोर्ट उघडून उपयोगच नाही. मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. राऊटरमध्ये १००.६४ अशासारखा पत्ता दिसला की समजायचं, बाहेरून येणाऱ्याला आपलं दार सापडणार नाही. आणि समजा सापडलं असतं, तर विंडोज सातवर ३३८९ जगाला उघडं! २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक याच रिमोट डेस्कटॉपमध्ये सापडलं होतं. पासवर्ड न देता आत शिरता येईल असं, आणि त्यात विंडोज सात होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा आधार संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून ओळखा.

शिवाय तुम्हाला हवं ते त्यात नाहीच. रिमोट डेस्कटॉपने आत गेलात की दुकानातला पडदा कुलूपबंद होतो. गिऱ्हाईक समोर उभं आणि बिल निघत नाही, असं झालं तर दुकानदार तुम्हाला दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

मग व्हीएनसी, लांबून दुसऱ्याचा पडदा बघायचं आणि चालवायचं जुनं सॉफ्टवेअर. हे सगळ्यांचे आजोबा. १९९० च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं. टाइटव्हीएनसी, टायगरव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी ही सगळी त्याची नातवंडं, मूळ कोड खुला होता म्हणून झालेली. यात दोघांना एकच पडदा दिसतो, म्हणजे तुमचं काम होतं. पण जुन्या पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं धरली जातात आणि पडद्यावरचं चित्र उघडंच वाहतं. एकाच इमारतीत ठीक. डिचोली ते वाळपई नको, निदान व्हीपीएनशिवाय, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या खाजगी कुलूपबंद वाटेशिवाय, नको.

आता तिसरा प्रकार, जो तुम्ही वापरत होता. दोन्ही यंत्रं बाहेर पडून मधल्या एका सर्व्हरला भेटतात, तो त्यांची गाठ घालून देतो. जमलं तर पुढे थेट बोलणं, नाही जमलं तर सगळं त्याच्यामार्फत. म्हणूनच हे हॉटस्पॉटवरही चालतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, मूळ कल्पना तिघांची हीच. फरक एवढाच की रस्टडेस्कचा तो मधला सर्व्हर तुम्ही स्वतः टाकू शकता. तुम्ही पैसे भरायचे की नाही असं विचारताय. मी विचारेन की मधल्या दारावर कोण बसणार? कंपनीचा माणूस, की तुम्ही?

मी बसायचं ठरवलं आणि पहिला सर्व्हर घरीच, रास्पबेरी पाय नावाच्या इवल्याशा संगणकावर टाकला. वाळपईत. जून महिन्यात. पुढचं सांगायला नको. पहिल्या आठवड्यात दोनदा वीज गेली, दुसऱ्या आठवड्यात आभाळातली वीज आली आणि राऊटरसकट सगळं घेऊन गेली. मग मुंबईतला भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला. सगळ्यात लहान, एक जीबी मेमरीवाला. कामाला तो पुरतो, कारण त्याला नुसतं इकडचं तिकडे द्यायचं असतं. टॅलीसारख्या पडद्याला सेकंदाला साधारण शंभर केबी धरा, म्हणजे तासाला ३६० एमबी, तेही थेट जोडणी जमली नाही तरच.

सर्व्हरचे दोन तुकडे असतात, एचबीबीएस गाठ घालणारा आणि एचबीबीआर वाहून नेणारा. २१११५ ते २१११७ ही टीसीपी पोर्टं उघडायची आणि २१११६ चं यूडीपीही (टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती). मी यूडीपी विसरलो होतो, अर्धा दिवस गेला. पहिल्यांदा चालू झाला की तो किल्लीची, म्हणजे लांबलचक सांकेतिक अक्षरांची, जोडी तयार करतो. त्यातली जाहीर किल्ली प्रत्येक दुकानाच्या यंत्रात भरायची. दुसरी, गुप्त, ती तुमची. तिची प्रत काढून ठेवा. मी एकदा सर्व्हर पुसून नव्याने टाकला, किल्ली बदलली, आणि वीसच्या वीस यंत्रांनी पाठ फिरवली. चोर्ल्यापासून उसगावपर्यंत मोटरसायकलने फिरून एकेक किल्ली बदलली. तुमच्या होंड्याच्या स्कूटरची आठवण झाली.

आणि 'एक रुपया लागत नाही' हे भाच्याने अर्धंच सांगितलं. प्रोग्रॅम एजीपीएल परवान्याखाली खुला आहे, साधा सर्व्हरही खुला. पण यंत्रांची सामायिक वही, माणसांची खाती, कोण कुठे कधी शिरलं याची नोंद, हे सगळं त्यांच्या प्रो सर्व्हरमध्ये, आणि तो विकतचा. तुम्ही एकट्या आहात, वहीत अकरा नंबर लिहिलेत की झालं. साध्यावर भागेल.

सुरक्षित कोणतं, यावर इथे नेहमी भांडण लागतं म्हणून आधीच सांगून टाकतो. २०२४ सालचंच घ्या. फेब्रुवारीत एनीडेस्कने जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली. त्यांनी प्रोग्रॅमवर सही करायचं प्रमाणपत्र बदललं, पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या कार्यालयीन जाळ्यात कुणी शिरलं. गिऱ्हाइकांची माहिती सुरक्षित आहे असं कंपनीने सांगितलं. आणि या दोन्हींच्या मधे, मार्चअखेरीस, खुल्या कोडवाल्यांची नाचक्की. एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये कुणीतरी वर्षानुवर्षं भला माणूस बनून वावरत चोरदार बसवलं. आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्याला सर्व्हरवर शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. कोड उघडा होता म्हणून त्याला शोधता आलं, हे खरं. पण तोवर उघड्या कोडकडे कुणी बघत नव्हतं, हेही खरंच. रस्टडेस्कचा कोड मीही वाचलेला नाही.

---

फोंडा_लॅब

दोघांचं वाचलं. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली चाळीस यंत्रं सांभाळतो, मेशसेंट्रल नावाच्या रिमोट सॉफ्टवेअरवर. तेही खुलं, अपाचे परवाना, आणि माझ्या बाजूला ब्राउझर सोडून काही लागत नाही. पण ताईंच्या कामाला ते म्हणजे मुंगी मारायला कुऱ्हाड.

एक वेगळंच विचारतो. ताई, दुकानांकडे टॅलीप्राइम आहे ना, आणि टीएसएस, म्हणजे टॅलीच्या अपडेट वगैरे सेवांची वर्गणी, चालू आहे ना? मग टॅलीची स्वतःची रिमोट सोय आहे. टॅली डॉट नेटच्या आयडीने आत शिरा, तुमच्या लॅपटॉपवरून नोंदी करा. दुकानदाराचा पडदा लागतच नाही, तो खुशाल बिलं फाडत बसेल. फक्त त्याच्याकडची टॅली चालू हवी. पडदा बघायची गरज प्रिंटर अडकला किंवा विंडोज रुसलं तर. म्हणजे रिमोट लागेल ते महिन्यात चार वेळा.

---

हिशेबवाली_डिचोली

फोंड्याच्या दादांनी डोळे उघडले. अकरांपैकी सहांची टीएसएस चालू आहे आणि मी आजवर ती नुसती नवीन आवृत्तीसाठी भरायला लावत होते! बाकी पाचजण "फुडल्या म्हयन्यांत" म्हणतात, गेली दोन वर्षं.

वाळपईकर, दोन शंका. दुकानदाराला ती लांबलचक किल्ली फोनवर सांगून भरता येणार नाही. आमच्या इथे फोनवर 'बी' की 'डी' यावरच पाच मिनिटं जातात. आणि मागच्या वेळी मध्येच पडदा काळवंडायचा आणि माझा माऊस मरायचा. दुकानदार ओरडायचा, "बाय, हांगा एक चौकोन आयला, ताचेर दामूं?" (त्यावर दाबू?) ते काय होतं?

---

वाळपईकर

किल्ली कुणालाच टाइप करायला लावू नका. विंडोजसाठी रस्टडेस्कच्या फायलीच्या नावातच सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली लिहिता येते. नाव तसं बदलून ती फाइल पाठवा, उघडली की आपोआप तुमच्याच सर्व्हरकडे जाते. तरी पहिल्यांदा स्वतः जाऊन बसवा. व्हॉट्सॲपवरून एक्झी फाइल उघडायची सवय आपणच लोकांना लावली, तर उद्या कुणीही तशीच पाठवेल.

काळा चौकोन म्हणजे विंडोज विचारतंय, 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?' तो प्रश्न वेगळ्या सुरक्षित पडद्यावर येतो. नुसती फाइल उघडून चालवलेल्या रिमोटला तिथे हात लावता येत नाही. इन्स्टॉल करून सेवा म्हणून (विंडोजबरोबर आपोआप मागे चालत राहील असं) बसवलं की तुम्हाला तिथेही 'हो' दाबता येतं. रात्री शिरण्यासाठीही इन्स्टॉलच लागतं, कायमच्या पासवर्डासकट. प्रत्येक दुकानाला वेगळा पासवर्ड. दुकानाचं नाव आणि १२३ नव्हे.

विंडोज सातवाल्या दोन यंत्रांना रात्रीचा पासवर्ड ठेवूच नका. आधी ती बदलायला लावा.

मेडिकलवाल्याला सांगा, की हो, तेच ते ॲप, त्यात खोटं काही नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना एनीडेस्कबद्दल सावध केलं होतं ते याच कारणाने. ॲपमध्ये विष नव्हतं, फोनवरचा माणूस लबाड होता. आधी फोन आपण केला की समोरून आला, एवढं त्याला घोकून ठेवू द्या. आणि १९३० हा नंबर काउंटरच्या काचेखाली लावायला सांगा, पैसे गेल्याबरोबर तिथे फोन करायचा.

---

मडगावचा_प्रिंटरवाला

सगळं मान्य, पण वाळपईकरांनी स्वतःच्या सर्व्हरला महिन्यातून किती वेळ देतात ते सांगितलं नाही.

---

वाळपईकर

पकडलंत. महिन्याला तासभर: अपडेट, एक नजर नोंदींवर. वीज पडली त्या महिन्यात मोजला नाही.

---

हिशेबवाली_डिचोली

दीड महिन्याने येतेय, मध्ये चवथ (गणेशचतुर्थी) होती.

भाच्याने रविवारी मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर रस्टडेस्क टाकलं. त्याला तासभर लागला, मला त्याला गणपतीच्या माटोळीच्या कामातून उठवायला दोन. भाडं महिन्याला पाचशेच्या आत. सहा दुकानांच्या नोंदी आता टॅलीच्या आयडीने, त्यांच्याकडे रस्टडेस्क नुसतं अडीअडचणीला. बाकीच्यांपैकी तिघांकडे रोज तेच चालतं. एका हॉटस्पॉटवाल्याकडे चित्र अडखळत होतं. भाच्याने रंग आणि दर्जा कमी केला, चित्र दाबून पाठवायची एव्हीवन ही पद्धत सोडून जुनी व्हीपी८ लावली, कारण त्याचा पीसी इतका जुना आहे की चित्र दाबता दाबताच त्याला धाप लागत होती. आता टॅलीचा निळा जरा मळका दिसतो, पण चालतं.

मडगावच्या दादांच्या पद्धतीने गणितही मांडलं. माझा वेळ तासाला काय धरायचा यावर सगळं फिरतं. स्वस्त धरला तर सर्व्हर परवडतो, महाग धरला तर परवाना. मी तूर्त स्वस्त धरलाय. पुढच्या वर्षी दुकानं वीस झाली आणि मदतीला मुलगी ठेवली तर पुन्हा तक्ते मागवीन, कारण तेव्हा कोण कुठे शिरलं याची नोंद मला लागेलच.

मेडिकलवाल्याने कायमचा पासवर्ड ठेवायला साफ नकार दिला. मीही आग्रह केला नाही. तो रोज साडेआठला दुकान बंद करायच्या आधी स्वतः मला फोन करतो, पडद्यावर 'स्वीकारा' दाबतो, आणि मी बॅकअप घेईपर्यंत खुर्ची ओढून समोर बसून बघतो. परवा म्हणाला, "तुजो माऊस म्हज्या परस बरो चलता." (माझ्यापेक्षा बरा चालतो.) १९३० काचेखाली आहे, औषधांच्या सूट-पाटीच्या शेजारी.

विंडोज सातवालं एक यंत्र बदललं. दुसरं म्हापशाच्या हार्डवेअरवाल्याचं. तो बिलांचे फोटोच पाठवतो, तेही तिरपे, आणि शुक्रवारी बाजाराच्या दिवशी फोन उचलत नाही.

वाळपईकर, गुप्त किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक भाच्याकडे ठेवली आहे. कागदावर छापूनही ठेवू का?

---

वाळपईकर

छापा. लॅमिनेशन करा, आणि पावसाळ्यात स्कूटरवर नेऊ नका.